घरातून चालतं, बाहेरून लागत नाही

माझं काम मला लोकांना कधी नीट सांगता आलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी म्हणायचे, "इंटरनेटच्या ऑफिसात असते." लगेच समोरचा म्हणायचा, "अहो, आमचं कालपासून बंद आहे," आणि पान वाढून होईपर्यंत त्याच्या घरच्या पेटीवरची कुठली बत्ती लाल आहे ते मी विचारत बसायचे.

रत्नागिरीतल्या एका लहान कंपनीत मी पंचवीसेक वर्षं तक्रारी घेतल्या. आधी टेबलावर बसून, फोन उचलून. पुढे माणसं कमी पडायला लागली तशी स्कूटरवरून घरोघरी जाऊन. गेल्या वर्षी निवृत्त झाले. या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलंय की गमतीजमती लिहा. गमती आहेत पुष्कळ. वेळणेश्वरला घरगुती खोल्या भाड्याने देणारे एक काका होते. त्यांची तक्रार अशी की इंटरनेट भरतीला जातं आणि ओहोटीला येतं. आम्ही ऑफिसात दोन महिने हसलो. काकांनी शेवटी भरती-ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहून पाठवल्या, तेव्हा निमूट जाऊन बघितलं. खाडीलगतच्या खांबाखाली आमच्या तारेचा जोड होता आणि मोठ्या भरतीला त्यात पाणी शिरत होतं. काका अक्षरशः खरं बोलत होते. तेव्हापासून मी तक्रार करणाऱ्याला हसायचं बंद केलं. पण ऐकायचं म्हणजे काय आणि कोणाचं, हे मात्र त्यानंतरही मला नीट कळलेलं नव्हतं. ते मला होडेकरांच्या घरी कळलं, म्हणून तीच एक हकिगत सविस्तर सांगते.

अन्वर होडेकर हे जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं दर्यावर काढून, कंबर दुखावल्यावर घरी आलेले. पावसच्या वाटेवर, भाट्याचा पूल ओलांडल्यावर आत खाडीच्या बाजूला त्यांची वाडी आहे. पहिला फोन त्यांचाच आला.

"ताई, घरातून चालतंय. बाहेरून कोनाला लागत नाय."

"काय लागत नाही? फोन?"

"फोन नव्हे. खेळ."

मला वाटलं, नातवंडांचं काही असेल. साठीच्या माणसाने खेळासाठी तक्रार करावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या तरुण मुलांपैकी कोणी खेळाच्या तक्रारीला जायला तयार नसायचं, कारण ती सुटत नाही आणि गिऱ्हाईक फार बोलतं. म्हणून मीच गेले.

अन्वरभाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे लाकडी मेजावर एक जुना कॉम्प्युटर सताड उघडा ठेवला होता, बाजूचा पत्रा काढलेला, वर छोटा पंखा लावलेला. "हा बंद होत नाय कधी," ते म्हणाले. पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचं एक जग होतं. मी बघत राहिले तसं हळूहळू कळायला लागलं. ठोकळ्यांची पाखाडी होती, म्हणजे आपल्याकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. ती उतरून गेलं की धक्का, धक्क्याला लागलेल्या होड्या, वर मशीद, विहीर, फणस. त्यांचीच वाडी होती ती, पण आताची नाही, चाळीस वर्षांपूर्वीची.

त्यांनी समजावून सांगितलं. हा खेळ अनेकांनी मिळून एकाच वेळी खेळायचा असतो. त्यासाठी ते जग कुठल्यातरी एका कॉम्प्युटरवर सतत चालू ठेवावं लागतं, आणि बाकीचे आपापल्या घरून तिथे येतात. हे जग अन्वरभाईंच्या या मेजावर होतं. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दुपारी खेडहून त्यांचा चुलतभाऊ नासीर यायचा, आणि दोह्याहून धाकटी बहीण मरियम. तिघांनी मिळून दोन वर्षांत अख्खी वाडी आठवून आठवून बांधली होती. त्यांची अम्मा तेव्हा होती. ती बाजूला बसून सांगायची, फणस विहिरीच्या अलीकडे नव्हता रे, पलीकडे होता. मग तिघे फणस उपटून पलीकडे लावायचे.

"अम्मा गेल्याला वर्ष होयल आता," अन्वरभाई म्हणाले. "आता पावणेदोन महिने झाले, बाहेरून कोन येत नाय. मला वाटलं कॉम्प्युटरचीच खोट असेल. सगळा खोलून परत जोडला. कॉम्प्युटर बरा हाय."

मी तपासलं. पेटीवरच्या बत्त्या हिरव्या. वेग चांगला. माझ्या मोबाईलवर तो खेळ टाकून घेतला, त्यांनी दिलेला पत्ता घातला, आणि मी थेट पाखाडीवर उभी. मग आमच्या पेटीला एक सूचना देऊन ठेवायची असते, की अमुक क्रमांकाने बाहेरून कोणी आलं तर त्याला त्या कॉम्प्युटरकडे पाठव. ती सूचना कशीतरी पुसली गेली होती. ती पुन्हा लिहिली आणि सांगितलं, "झालं तुमचं काम." रेहानाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा आणि सांदणं दिली. मी खाऊन, मोठ्या तोऱ्यात निघाले. भाट्याच्या पुलावर फोन वाजला.

"ताई, नासीर म्हनतो लागत नाय."

मी पुलाच्या टोकाला स्कूटर थांबवून पुन्हा मोबाईलवर खेळ उघडला. मलाही लागेना. दहा मिनिटांपूर्वी मी त्यांच्या पाखाडीवर उभी होते, आणि आता नुसतं चाक फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी 'वेळ संपली' असं इंग्रजीत येतंय. समोर पूल, खाली खाडी, आणि मला काही म्हणता काही उमजेना. घरी पोचून हातपाय धुताना उलगडा झाला. मी त्यांच्या घरात शिरताच माझा मोबाईल त्यांच्याच वायफायला जोडला होता. म्हणजे मी घरात बसून घरचीच कडी वाजवत होते आणि आतल्या आत माझं मलाच दार उघडलं होतं. बाहेरून येणाऱ्याची वाट मी तपासलीच नव्हती. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक. ऑफिसात कोणाला सांगितली नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय.

दुसऱ्या वेळी मी वायफाय बंद ठेवून मोबाईलच्या नेटवरून तपासलं. खरंच काही येत नव्हतं. कोल्हापूरला आमचे वरचे साहेब बसत, त्यांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मॅडम, त्या भागातली सगळी घरं आपण दोन महिन्यांपूर्वी सामाईक पत्त्यावर टाकली. तुम्हाला कळवलं नाही का?"

नव्हतं कळवलं.

हे जरा सोपं करून सांगते. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक पत्ता असतो. पण पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. तुम्ही बाहेर गेलात, बातम्या वाचल्या, गाणी ऐकली, तर काही अडत नाही, कारण आमचं यंत्र लक्षात ठेवतं की हा अमक्या घरातून गेलाय, परत आला की तिकडेच सोडायचा. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर यंत्राला कळत नाही की याला कोणाकडे जायचंय. ते त्याला दारातच उभं ठेवतं. नाही म्हणत नाही, या म्हणत नाही. येणारा थांबून थांबून कंटाळतो आणि परत जातो. शंभरातल्या नव्याण्णव गिऱ्हाइकांना याने काही फरक पडत नाही. ज्याच्या घरी बाहेरून माणसं यायची असतात त्यालाच पडतो.

मी साहेबांना म्हटलं, या घराला स्वतंत्र पत्ता द्या. ते म्हणाले, अर्ज पाठवा. आठ दिवस गेले. या आठ दिवसांत अन्वरभाईंचा रोज सकाळी फोन. रागावून नाही. "ताई, काय झाला काय?" एवढंच. एकदा मी म्हटलं, "तुमच्या बहिणीशीच बोलते ना सरळ, तिकडे तिला नेमकं काय दिसतं ते विचारते." तर एकदम म्हणाले, "नको नको. तिला नको तरास. नासीर बोलतो तिच्याशी. तिलापन लागत नाय, असंच म्हनते ती." मला ते विचित्र वाटलं, पण लोकांच्या घरच्या गोष्टीत शिरायचं नाही हा आमचा शिरस्ता. मी विचारलं नाही.

स्वतंत्र पत्ता मिळाला, तो नासीरमार्फत मरियमलाही कळवला. मी पुन्हा गेले, तरी लागेना. या खेपेला मी पार गोंधळले. पत्ता बरोबर, सूचना बरोबर, कॉम्प्युटर चालू. तास दीड तास मी त्या खोलीत जमिनीवर बसून तारा हाताने चाचपत होते. मग एक तार माळ्याकडे जाताना दिसली. माळ्यावर दुसरी पेटी होती. त्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाड. त्यातून वायफाय वर पोचत नाही, म्हणून अन्वरभाईंनी बाजारातून आणून जोडली होती, आणि हा कॉम्प्युटर आमच्या पेटीला नाही तर त्या दुसऱ्या पेटीला लावला होता. म्हणजे दारावर दोन पहारेकरी. पहिल्याला मी सांगून ठेवलं होतं, दुसऱ्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलाच नाय," अन्वरभाई म्हणाले. खरंच होतं.

तार काढून सरळ आमच्या पेटीला लावली. खेडला नासीरला फोन केला. त्याचं एसटी स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो दुकानातूनच आत आला. पडद्यावर धक्क्याजवळ एक चौकोनी माणूस उगवला आणि उड्या मारायला लागला. अन्वरभाई खुर्चीतून उठून उभे राहिले. "आला गो आला," ते बायकोला ओरडून सांगायला लागले. मीही हसले. म्हटलं, सुटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

आता मी रडायचीच बाकी होते. पण हे कारण लवकर सापडलं. सकाळी वीज गेली होती. वीज परत आली की आमची पेटी घरातल्या प्रत्येक यंत्राला नवा आतला क्रमांक वाटते, आणि तिने कॉम्प्युटरचा कालचा क्रमांक हॉलमधल्या टीव्हीला देऊन टाकला होता. नासीर खेडहून इमानेइतबारे टीव्हीचं दार ठोठावत बसला होता. मी कॉम्प्युटरचा क्रमांक कायमचा बांधून टाकला. नासीर पुन्हा आत आला. मी म्हटलं, शुक्रवारी सगळे आले की मला कळवा.

शुक्रवारी दुपारी फोन आला तो रेहानाभाभींचा. त्या माझ्याशी एरवी चहापुरत्या बोलायच्या. हळू आवाजात म्हणाल्या, "शुभाताई, जमलं तर येऊन जा. नासीर आलाय आत. मरियम नाय येत. हे खुर्चीतून उठत नाहीत."

मी गेले. नासीरचा चौकोनी माणूस पाखाडीवर इकडून तिकडे फिरत होता. अन्वरभाई पडद्याकडे बघत बसलेले.

मी सगळं पुन्हा तपासलं. मोबाईलच्या नेटवरून बघितलं, वाट उघडी होती. मग मरियमलाच का नाही? मला वाटलं दोह्याकडच्या कंपनीने अडवलं असेल. तिथे काही काही गोष्टी बंद असतात असं ऐकून होते. तसं म्हटलंही. पण मनातून पटत नव्हतं. एकच रस्ता, एक माणूस येतो, एक येत नाही. पंचवीस वर्षांत असा दोष मी बघितला नव्हता.

"अन्वरभाई, आता मला त्यांच्याशी बोलायलाच हवं. दुसरा इलाज नाही."

रेहानाभाभींनीच आपल्या मोबाईलवरून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"हॅलो, मी रत्नागिरीहून, इंटरनेटच्या ऑफिसातून शुभांगी बोलतेय. तुमच्या भावाच्या घरातून."

पलीकडून आवाज आला, नीट, सावध. "बोला ताई."

"तुम्ही आता खेळात शिरायचा प्रयत्न करा, आणि पडद्यावर जे येतं ते मला शब्दाला शब्द वाचून दाखवा."

बोटं चालल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "इंग्रजीत आलंय. तुमचं नाव यादीत नाही, असं."

मी पुन्हा वाचायला सांगितलं. तेच. हे वाक्य तारेतून येत नाही. हे वाक्य अन्वरभाईंच्या मेजावरचा कॉम्प्युटर बोलतो. म्हणजे मरियम दोह्याहून निघून, सगळे रस्ते ओलांडून, या खोलीपर्यंत पोचली होती. दारात उभी होती. आणि दाराने तिला सांगितलं होतं की तुझं नाव इथे नाही.

मी तिला थांबायला सांगितलं आणि अन्वरभाईंकडे वळले. "यादी कसली? कुठे असते?"

त्यांनी मान वर केली नाही. माऊस हलवून एक लहानशी फाइल उघडली. अनोळखी माणसांनी घुसू नये म्हणून ज्यांना प्रवेश आहे त्यांची नावं या फाइलीत हाताने लिहायची असतात. तीन ओळी होत्या. अन्वर, नासीर आणि मरियम. मरियम होती की!

"आहे की नाव," मी म्हटलं. मला काहीच कळेना. मग मी फोनवर मरियमला तिचं खेळातलं नाव इंग्रजीत अक्षर अक्षर सांगायला लावलं आणि फाइलीशी जुळवलं. तिच्या नावात वाय होता. फाइलीत आय होता.

"हे असं कसं झालं? दोन वर्षं तर ती येत होती."

अन्वरभाईंनी मला हाताने खूण केली आणि बाहेर पडवीत नेलं. फोन रेहानाभाभींकडे होता.

"मी काढला होता," ते म्हणाले.

"काय?"

"नाव. मीच पुसला होता."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीने लिहितेय. मरियमने एका शुक्रवारी ठोकळ्यांच्या घराच्या पडवीत, समुद्राकडे तोंड करून, अम्माची खुर्ची करून ठेवली. अन्वरभाईंनी ती काढली. त्यांचं म्हणणं, शेवटचे सहा महिने अम्मा पडवीत बसलीच नव्हती, आतल्या खाटेवर होती, तिला उचलून बसवावं लागे. मरियमने पुन्हा ठेवली. त्यांनी पुन्हा काढली. मग फोन झाला. ते म्हणाले, "तुला काय ठाव, तू होतीस कुठे?" ती म्हणाली, "तू कळवलंस कधी? दोन दिवस आधी सांगतास तर मी मातीला तरी पोचले असते." फोन तुटला. त्या तिरिमिरीत त्यांनी फाइल उघडली आणि बहिणीच्या नावाची ओळ पुसून टाकली.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच परत लिहिलं, ताई. कसम. सकाळची नमाज झाली आणि पहिलं तेच केलं. आय काय नि वाय काय, माझ्या ध्यानात आलं नाय. मग दोन-तीन दिवसांनी नासीरपन यायचा बंद झाला, तेव्हा म्हटलं लायनीचाच घोळ हाय. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? म्हटलं मरियमलापन तसंच वाटेल, कंपनीची लाइन गेली."

समोर अंगणात रेहानाभाभींनी वाळत घातलेली सुकट होती, तिच्यावर जाळी टाकलेली. पाच खेपा, स्वतंत्र पत्ता, दोन पेट्या, टीव्ही. हे सगळं खरं होतं. प्रत्येक दोष खरा होता आणि मी तो खरोखर दुरुस्त केला होता. आणि त्या सगळ्याच्या तळाशी हे एक अक्षर होतं. पहिल्याच दिवशी मी दोह्याला एक फोन करून विचारलं असतं, की बाई, तुम्हाला आधी काय दिसलं आणि नंतर काय दिसतंय, तर... ते जाऊ दे.

"तिला सांगा की कंपनीचाच घोळ होता," अन्वरभाई म्हणाले. "तुमी सांगाल तर पटंल तिला. तुमी ऑफिसच्या हाव."

मी आत आले, अक्षर दुरुस्त केलं, कॉम्प्युटरला यादी पुन्हा वाचायला लावली आणि फोन हातात घेतला. सांगू काय? नोकरीत मी बरंच अर्धसत्य बोलले आहे. 'माणूस निघालाय' म्हटलंय तेव्हा माणूस चहा पीत असायचा. त्या दिवशी त्यात आणखी एकाची भर घातली.

"मरियम, आमच्या कंपनीने पत्ते बदलले होते. दोन महिन्यांहून जास्त झाले. चूक आमची आहे. आता व्हायला हवं."

"बरं," ती म्हणाली. मग, "ताई, तुम्ही भल्या आहात. पण मी एक विचारू? पत्त्याचा घोळ असला की पडद्यावर काय येतं?"

"काही नाही. नुसतं फिरत राहतं. मग वेळ संपली म्हणतं."

"हां. तसं मागाहून यायला लागलं. पहिले दोन दिवस तसं येत नव्हतं. पहिले दोन दिवस यादीत नाव नाही, असं येत होतं."

अन्वरभाई माझ्यामागे दारात उभे होते. खोली लहान, तिचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे आले आणि माझ्या हातातून फोन घेतला. त्या भावंडांचं दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलणं होत होतं.

"मरू. मीच काढला होता."

"माहीत आहे, भाई."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

अन्वरभाई कंबरेवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "नासीर म्हनायचा तू रोज बगतेस. शुक्रवार नसला तरी. नाव काढलंय म्हाईत होता तर कशाला येत होतीस रोज?"

तिचा आवाज आता तेवढा सावध राहिला नव्हता. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते यादीचं यायचं बंद झालं ना. नुसतं फिरत राहायचं. मला वाटलं, भाईने काहीतरी केलंय. नाव घालतोय. त्याला जमत नसेल. म्हणून बघायचे."

त्या फिरत्या चाकाचा अर्थ मी माझ्या नोकरीत हजारदा लोकांना समजावला असेल. त्यात कोणाला असं काही दिसलं असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ते चाक आमच्या साहेबांनी कोल्हापुरात बसून, कोणाला न कळवता केलेल्या बदलामुळे फिरत होतं. अन्वरभाईंचा त्यात काडीचा हात नव्हता. तो बदल झाला नसता तर तिला रोज यादीचंच वाक्य दिसलं असतं, आणि किती दिवस ती आली असती कोण जाणे. हे चांगलं झालं की वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला. अजून ठरवता आलेलं नाही.

अन्वरभाई खाली बघत म्हणाले, "अम्मानेच सांगितलं होतं गो. मरूला कळवू नको, ती धावत येयल, तिचं तिकडे नवं काम हाय. मी नाय कळवलं. मला कळवायला हवा होता."

मग ती म्हणाली, "मी आत येते. फोन ठेव."

फोन ठेवला. आम्ही तिघं पडद्यापुढे उभे. पाखाडीच्या वरच्या टोकाला एक चौकोनी बाई उगवली, हिरवी ओढणी घेतलेली. नासीर तिला बघून दोन उड्या मारून निघून गेला. त्याला कळलं असावं. अन्वरभाई खुर्चीत बसले, आणि त्यांचा चौकोनी माणूस घरातून बाहेर पडून तिच्याकडे चालत गेला. दोघं पाखाडी उतरायला लागले. ती पुढे, हा मागे. विहीर गेली, फणस गेला. धक्क्याच्या टोकाशी, जिथे पुढे पाणीच आहे, तिथे दोघं थांबले.

आणि मग काही होईना. खाली अक्षरं उमटत नव्हती. कोणी हलत नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. अन्वरभाईंची बोटं कळफलकावर तशीच ठेवलेली. मला धडकी भरली. एवढं करून पुन्हा अडकलं की काय? साहेबांनी पत्ता परत काढून घेतला की काय? मी पुढे वाकले आणि पेटीवरच्या बत्त्या बघायला हात लांब केला.

रेहानाभाभींनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, शुभाताई," त्या कुजबुजल्या. "चालू आहे."